मधली जागा मानाची

बोटीत चढण्याआधी चपला काठावर काढायच्या, हा आमच्याकडचा पहिला नियम. यात न कळण्यासारखं काही नाही. तरी इतकी वर्षं धक्क्यावर उभी राहून मी हे वाक्य म्हटलं आणि दर खेपेला कुणीतरी विचारलंच, का हो बाई? ओल्या फायबरवर चिखलाची चप्पल घसरते आणि घसरणारा माणूस पडताना शेजाऱ्याला धरतो, हे खरं कारण. ते सांगितलं की लोक ‘आम्ही नाही पडत’ म्हणायचे आणि बुटासकट चढायचे. मग एकदा रांगेतल्या एका आजीबाईंनी माझ्या वतीनं परस्पर उत्तर देऊन टाकलं. नाव म्हणजे देवी असते, तिच्यात पायताण घालून कोण जातं, म्हणाल्या. त्याबरोबर मागचे सगळे निमूट वाकून चपला काढायला लागले, आणि दोघांनी तर बोटीला हात लावून तो कपाळाला लावला. खरं कारण सांगणं मी त्या दिवसापासून सोडून दिलं.

मी मुळात बालवाडीची बाई. नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाताना धरणाचा फुगवटा लागतो, त्याच्या काठच्या आमच्या गावात माझी बालवाडी होती. नव्वदच्या दशकात निफाडच्या एका द्राक्षबागायतदारानं काठाला जमीन घेतली. आंब्याची झाडं लावली, चार खोल्या बांधल्या, आणि मुंबईहून एक जुनी मोटरबोट ट्रकमध्ये घालून आणली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मोठा हौशी माणूस. सुट्टीला शहरातले लोक येतील, चुलीवरचं जेवतील, बोटीत बसतील आणि पैसे देऊन जातील असा त्यांचा बेत होता. आमच्या गावात कुणाचा यावर विश्वास बसला नाही. पाणी बघायला कोण पैसे देतं, असं म्हणायचे. पण लोक आले, आणि चांगले झुंडीनं आले.

बोट चालवायला कोंडाजी होते. पिढ्यान् पिढ्या मासे धरणारं घर. पाण्याचं त्यांना सगळं कळायचं, माणसांचं काही कळायचं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पहिल्याच हंगामात शहरातल्या एका बँकेची सहल आली. पाण्याच्या मधोमध त्यांना अंताक्षरी सुचली आणि ‘न’ अक्षर आल्यावर निम्मी बँक नाचायला उठली. कोंडाजींनी बोट कशीबशी काठाला लावली, इंजिन बंद केलं, आणि कुणाशी एक शब्द न बोलता घरी चालू लागले. ते चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी अण्णा माझ्या बालवाडीच्या दारात उभे.

“बाई, तुम्ही चाळीस पोरं एका सतरंजीवर बसवता,” ते म्हणाले. “मला बारा माणसं चार फळ्यांवर बसवून पाहिजेत.”

मी दुपारनंतर मोकळीच असायचे. हो म्हटलं. तेव्हा मला पोहता येत नव्हतं, आणि तेवढं शिकायचं शेवटपर्यंत राहूनच गेलं. कोंडाजींना हे ठाऊक होतं, पाहुण्यांना कधी कळलं नाही.

बोट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. चार आडव्या फळ्या, एकेकीवर तिघं. मागं इंजिनाजवळ कोंडाजी, आणि पुढच्या टोकाला पाहुण्यांकडे तोंड करून मी. वर्गात बसते तशीच. बोट हाकणं हे कोंडाजींचं काम आणि माणसं हाकणं माझं. बाहेरच्यांना वाटतं की बोट लाटेनं उलटते. आमच्या बोटीला लाटेचं भय कधी फारसं नव्हतं. भय होतं ते माणसं एकदम उठण्याचं. त्यामुळे आमचे सगळे नियम फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचे. बसलेल्या माणसानं बसून राहायचं.

आणि आपल्याकडे बसून राहणं फार अवघड. धरण बांधलं तेव्हा जे गाव पाण्याखाली गेलं त्याचं महादेवाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. आधी कळस, मग शिखर. ते दिसलं की बोटीतला एकजण ‘अरे, देऊळ’ म्हणायचा आणि अख्खी बोट त्या बाजूला उभी राहून हात जोडायची. भक्तीला तोल कळत नाही. मी सांगून पाहिलं की बसून नमस्कार केला तरी पोचतो. कुणाला पटलं नाही. शेवटी कोंडाजींनीच तोड काढली. देऊळ दिसायच्या आधीच ते बोटीचं नाक देवळाकडे वळवायचे. देव समोर आला की बाजूला सरकायचं कारणच उरत नाही. सगळे जागच्या जागी हात जोडायचे आणि आम्ही दोघं सुटकेचा निःश्वास टाकायचो.

यातही सिन्नरच्या एका भजनी मंडळातल्या काकू हटून बसल्या. त्यांना प्रदक्षिणा हवी होती. मी त्यांना समजावलं की प्रदक्षिणेत देव सतत उजव्या हाताला राहतो, म्हणजे बारा जण सतत उजवीकडे कलणार. काकू म्हणाल्या, मग उलटी घाला. त्यावर मंडळातल्याच बाकीच्या बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. उलटी प्रदक्षिणा घालतात का कधी, म्हणे. भांडण एवढं रंगलं की देऊळ येऊन गेलं तरी कुणाचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी बोट जितकी स्थिर चालली तितकी पुन्हा कधी चालली नाही.

जॅकेटचं दुखणं वेगळं. नाशिकच्या प्रत्येक पुरुषानं लहानपणी गोदावरीत उड्या मारलेल्या असतात. निदान तो तसं सांगतो. ‘मला पोहता येतं’ म्हणून जॅकेट बाजूला सारणारे दिवसाला चार तरी भेटायचे. त्यांना मी म्हणायचे, तुम्हाला येतं हो, पण बुडताना तुमच्या गळ्याला मिठी मारणाऱ्या शेजाऱ्याला येत नाही. मग ते शेजाऱ्याकडे जरा निरखून बघायचे आणि जॅकेट चढवायचे. बायकांची अडचण निराळी होती. एवढी नेसून आलेली साडी त्या केशरी पोत्याखाली झाकायची म्हणजे येण्यात अर्थ काय राहिला? ते मला मनापासून पटायचं. म्हणून आधी धक्क्यावर साडीतला फोटो आणि मग जॅकेट, असा आम्ही क्रम लावून दिला. फोटोसाठी आंब्याखाली एक दगडही चुना लावून ठेवला होता.

पिऊन आलेल्याला बोटीत घ्यायचं नाही, हा तर जगभरचा नियम असेल. पण प्यालेला माणूस ‘मी प्यायलोय’ असं थोडंच सांगतो? आणि मी बाईमाणूस, कुणाच्या तोंडाचा वास घेत हिंडू? मग मी बालवाडीतली लंगडी काढली. धक्क्यावर खडूनं चौकोन आखले. लंगडी घालत पलीकडे जाईल तो बोटीत, पाय टेकवेल तो आंब्याखाली. सातपूरच्या एका कारखान्याची सहल आली होती. त्यांचे साहेब दुसऱ्याच चौकोनात दोन्ही पायांवर आले. कामगारांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की साहेबांना आंब्याखाली बसण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. हा उपाय अगदी न्यायाचा होता असं मात्र म्हणवत नाही. एक भारदस्त डॉक्टर थेंबही न घेता नापास झाले. त्यांच्या मिसेस पास झाल्या आणि जाऊन आल्या. परतल्यावर दोघांचं बोलणं बंद होतं.

पुढे मोबाइल आले. आमच्याकडे पाण्यावर रेंज नव्हती, आणि रेंज नसली की माणूस फोन उंच धरून उभा राहतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मग फोनही चपलांच्या शेजारी काठावर राहायला लागले.

पण सगळ्यात नाजूक काम म्हणजे कुणाला कुठे बसवायचं ते. जड माणूस मधे आणि हलका माणूस कडेला, एवढं साधं गणित. पण चारचौघांत ‘तुम्ही जाड आहात, मधे या’ कसं म्हणणार? पहिल्या महिन्यात मी एका वकीलसाहेबांना नुसतं ‘तुम्ही जरा मधे’ म्हटलं तर ते का, कशासाठी, कोणत्या नियमानं म्हणून जेवायला बसेपर्यंत वाद घालत होते. तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेलं, साहेब, मधली जागा मानाची असते. वकीलसाहेब तत्काळ मधे जाऊन बसले आणि जातायेता दोन्ही बाजूंना प्रसन्नपणे बघत राहिले. झालं. मला मंत्र सापडला. त्यानंतर जो अंगानं भरलेला दिसेल त्याला मी हात जोडून म्हणायचे, या, मधली जागा तुमची, मानाची आहे. आपल्याकडे मान म्हटलं की माणूस वाद घालत नाही.

हे थाप मारणं इतकं अंगवळणी पडलं की कोंडाजीही ते बोलायला लागले. आणि अण्णा, जे बोटीचे मालक, त्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं की त्यांना ते खरंच वाटायला लागलं. याचा मला पत्ताच नव्हता. तो लागला वैशालीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी.

वैशाली अण्णांची धाकटी. मोठी होईपर्यंत सुट्ट्या तिनं आमच्या काठावर काढलेल्या, काही दिवस तर माझ्या बालवाडीतही बसलेली. कोंडाजींच्या हाताखाली ती बोट चालवायला शिकली होती, आणि माझ्या नकला हुबेहूब करायची. नाशिकच्या कॉलेजात शिकून ती घरी आली तशी अण्णांनी स्थळं बघायला सुरुवात केली. येवल्याचं एक घर सांगून आलं. पैठणीचे व्यापारी, नाव असलेलं घर, मुलगा सुहास बापाच्या दुकानात बसणारा. दाखवण्याचा कार्यक्रम निफाडला न करता इथे काठावर करायचा आणि शेवटी पाहुण्यांना बोटीतून फिरवायचं, ही अण्णांची हौस.

सकाळी मी जॅकेट उन्हात घालत होते तेव्हा वैशाली आली. नेसली होती, नटली होती, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. म्हणाली, “बाई, हे जमलं पाहिजे. कॉलेजात दोन वर्षं बघतेय मी त्याला. घरात कुणाला माहीत नाही. कळलं तर अण्णा उभ्या उभ्या मोडतील.”

मी तिला म्हटलं, माझ्याकडून काही चूक होणार नाही. मनात म्हटलं, माझ्याकडे फक्त बोटीचं खातं आहे, त्यात काय चुकणार?

पाहुणे आले. मुलाचे वडील, त्यांना तात्या म्हणत, अंगानं अगदी काटकुळे, वाऱ्यानं उडतील असे. मुलाची आई. बहीण आणि तिचा नवरा. स्थळ सुचवणारे मध्यस्थ. आणि सिन्नरहून मुलाचे मामा. मामा म्हणजे चांगला भरभक्कम देह, आवाज त्याहून भक्कम, आणि घरात शब्द त्यांचा चालत असावा, कारण प्रत्येक गोष्टीला तात्या आधी मामांकडे बघायचे. पोहे झाले, प्रश्न झाले, जेवण झालं. मांडे होते, त्यामुळे जेवण लांबलं. दुपार कलायला लागली. आमच्याकडे दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणून मी आणि कोंडाजी घाई करत होतो. मंडळी मात्र सुपारी कातरत बसली होती.

शेवटी धक्क्यावर आली. चपला निघाल्या, आंब्याखाली फोटो झाला, जॅकेट चढली. लंगडीचे चौकोन मी आधीच पुसून टाकले होते. आता मी मामांना हात जोडून मधली जागा देणार, तेवढ्यात अण्णा पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, “तात्या, तुम्ही मधे बसा. आमच्या बोटीत मधली जागा मानाची असते.”

तात्या संकोचले, नको नको म्हणाले, आणि जाऊन मधे बसले. त्या फळीवर ते म्हणजे पाटावर ठेवलेली सुपारी. मामा हे सगळं बघत होते. मुलाचा मामा म्हणजे लग्नघरातला मोठा मान. तो बोलावून कडेला ठेवला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. ते गेले आणि डावीकडच्या कडेला पाण्याकडे तोंड करून बसले. भाऊ रागावलाय हे बघून मुलाची आई त्यांच्या मागच्या फळीवर डावीकडेच बसली. विहीणबाईंना एकटं कसं सोडायचं म्हणून अण्णांच्या मिसेस तिच्या मागे डावीकडे. मी अण्णांच्या कानाशी लागले की मामांना मधे घेऊ या. अण्णांनी ओठ न हलवता सांगितलं, बाई, आजच्या दिवस नियम नको.

मग मी निदान तोल साधला. सुहासला, त्याच्या मेव्हण्याला आणि मध्यस्थांना उजवीकडे बसवलं. अण्णा आणि मुलाची बहीण मधे. वैशाली मामांच्या फळीच्या मागं, मधे. पाणी शांत होतं. कोंडाजींनी बोट जोखली आणि मान हलवली. संथ पाण्यात एवढं चालून जाण्यासारखं होतं.

पाणी संथ राहिलं ते देवळापर्यंत. तिथून परत फिरताना वारा आला आणि नेमका डावीकडून. पहिली लाट बोटीच्या कडेवर आपटली आणि मामांच्या मांडीवर ओंजळभर पाणी आलं. मामा रागानं तसेच बसून राहिले. दुसरी लाट आत आली आणि मुलाच्या आईची पैठणी भिजली. ती ‘अगं बाई’ म्हणून उठली. तिला धरायला जावई उठला. जावयाला धरायला मध्यस्थ उठले. बोट एकदम डावीकडे बसली.

“बाई,” कोंडाजी मागून म्हणाले, “पाणी घेतीय.”

माझ्यात काय शिरलं कुणास ठाऊक. मी बालवाडीतल्या आवाजात म्हटलं, जो उभा आहे त्यानं आहे तिथेच खाली बसायचं. येवल्याचं निम्मं घराणं फतकल मारून बोटीच्या तळाशी बसलं. पैठणी, मध्यस्थांचं धोतर, जावयाची इस्त्रीची पँट, सगळं पाण्यात. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. मामा कडेला होते तोवर बोट सरळ होणार नव्हती आणि पुढची लाट येतच होती.

मी म्हटलं, मामा, तुम्ही मधे या, आणि तात्या, तुम्ही उजवीकडे सरका.

तात्या बिचारे घाबरून अण्णांकडे बघायला लागले. म्हणाले, पण ही तर मानाची जागा ना?

मी सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे वैशालीचा सकाळचा चेहरा आला. आता जे बोलेन त्यानं तिचं स्थळ मोडणार हे मला दिसत होतं. पण बारा माणसं पाण्यात गेली असती तर स्थळ कसलं आणि काय.

“मान वगैरे काही नाही, तात्या,” मी म्हटलं. “ही जागा जड माणसाची आहे. मामा जड आहेत, तुम्ही नाही.”

 अण्णांनी डोळे मिटून घेतले. मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“मी उठणार नाय,” ते म्हणाले. “तिथं मला कुणी बोलावलं नव्हतं.”

तेवढ्यात मामांच्या मागून आवाज आला आणि तो थेट माझाच होता. सकाळपासून मान खाली घालून बसलेली, प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोललेली वैशाली. डोक्यावरचा पदर कधीच खाली आला होता. तिनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि तळातल्या पाण्यात गुडघे टेकले.

“मामा, उठायचं नाहीच आहे,” ती म्हणाली. “बसूनच सरकायचं. माझा हात धरा. दुसरा फळीवर. आता सरका. तात्या, तुम्ही खाली उतरा आणि रांगत पलीकडे जा. वर बघू नका, पुढे बघा.”

आणि मामा सरकले. एवढा मोठा देह त्या मुलीचा हात धरून इंच इंच सरकत मधे आला. तात्या लहान मुलासारखे रांगत उजवीकडे गेले. बोट हलकेच सरळ झाली. कोंडाजींनी तिचं नाक वाऱ्यावर घेतलं आणि अगदी धीम्या गतीनं आम्ही परत निघालो. या सगळ्या गोंधळात सुहास तेवढा उजवीकडच्या कडेला ताठ बसून होता. हात गुडघ्यांवर, नजर समोर. तो जागचा हलला नाही की एक शब्द बोलला नाही.

बोट काठाला लागली. उतरल्यावर सगळे जॅकेटचे पट्टे सोडण्यात फार गुंतले. अण्णा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, उद्यापासून बालवाडीच सांभाळा.” मला राग आला नाही. वैशाली धक्क्याच्या टोकाला साडी पिळत पाठमोरी उभी होती, तिच्याकडे बघवत नव्हतं.

मामा आंब्याखालच्या दगडावर बसले होते. त्यांनी मला बोटानं बोलावलं. मी गेले. आता होऊन जाऊ दे, म्हटलं.

“खरं सांगा बाई,” ते म्हणाले. “मी कडंलाच बसलो असतो तर बोट बुडाली असती का?”

“नसती बुडाली. तुम्ही आणखी भिजला असता.”

“मंग भिजण्यापायी माझं वजन काढलं व्हय चारचौघांत?”

“तुम्ही आणखी भिजला असता तर उठला असता,” मी म्हटलं. “तुम्ही उठलात की सगळे उठतात. सकाळपासून बघतेय ना मी. मग बुडालो असतो.”

मामांनी दोन्ही हात मांड्यांवर टेकले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी आवाज नव्हता, मग तो मोठा झाला, आणि ते डोळे पुसत हसायला लागले. मामा हसले तसे तात्यांनी सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तेही हसले. म्हणाले, मुलगी घरात आली की मला चांगलं जेवायला घालेल, मग मीही कधीतरी मधे बसेन. ते ‘मुलगी घरात आली की’ ऐकलं आणि अण्णांच्या मिसेसनी पदर डोळ्याला लावला. अण्णा तसेच हातात जॅकेट धरून उभे.

“आमचं राहू द्या,” मामा अण्णांना म्हणाले. “आम्ही समदे पोरीसमोर बोटीत रांगलो. आता आधी तिला विचारा, असले लोक चालतील का.”

असं विचारायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती. सगळे वैशालीकडे बघायला लागले. ती काय सांगणार होती? दोन वर्षं कॉलेजात बघतेय, हे?  तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पुन्हा सकाळचा बारीक आवाज काढून म्हणाली, एवढ्या गोंधळात तो एकटा बाईंनी बसवलं तिथे बसून राहिला. सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. चालेल.

एवढं तिनं सांगितलं आणि सोयरीक पक्की झाली. सुहासचं सगळ्यांनी कौतुक केलं. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तो थोडा पुढे झुकला आणि कसंनुसं हसला. अण्णांनी मला ‘उद्यापासून बालवाडीच सांभाळा’ म्हटलेलं परत कधी काढलं नाही आणि मीही दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला धक्क्यावर हजर झाले. फक्त ‘मधली जागा मानाची’ हे वाक्य अण्णांसमोर म्हणायचं मी टाळायला लागले.

लग्न येवल्याला झालं. वैशालीच्या त्या पसंतीच्या कारणाची गोष्ट मांडवात इतक्या जणांनी सांगितली की शेवटी मीच ती खरी मानायला लागले. नंतर ती दोघं दर उन्हाळ्यात काठावर यायची, पुढे मुलांना घेऊन. वैशाली मुलांना बोटीत बसवून कोंडाजींकडून इंजिन हातात घ्यायची. सुहासराव मात्र कधी चढले नाहीत. कुणीतरी चपला सांभाळायला हव्यात, असं ते म्हणायचे. जावई इतका समजूतदार, बोटीच्या नियमाला इतका मान देतो, म्हणून अण्णांना कोण अभिमान.

आता बोट नाही. अण्णा थकले, मुलांना द्राक्षातच रस होता, बोट कुणीतरी घेऊन गेलं. कोंडाजीही गेले. ते असताना त्यांच्याशी दोन शब्द जास्त बोलायला हवे होते असं आता फार वाटतं, पण बोलायला गेले असते तर ते उठून घरी गेले असते. बोटीच्या शेवटच्या हंगामात वैशाली अशीच मुलांना घेऊन पाण्यावर गेली होती. मी आणि सुहासराव काठावर चपलांच्या राशीजवळ बसलो होतो. मी म्हटलं, एकदा तरी जाऊन या, आता बोट विकणार आहेत. त्यांनी दूर गेलेल्या बोटीकडे पाहिलं आणि वैशालीला ऐकू जाणार नाही याची खात्री करून घेतली.

“बाई, त्या दिवशी मी नियमबियम काही पाळला नव्हता,” ते म्हणाले. “मला पाण्याची भीती वाटते. लाट आली तेव्हा उठून पळायचंच होतं मला, पायच उचलले नाहीत. काठ आल्यावर मेव्हण्यांनी हाताचं एकेक बोट सोडवून मला उतरवलं. माझ्या हाताची बोटं गुडघ्यांना धरून बसली होती. तिला सांगू नका.”

मी आजवर सांगितलं नाही. पण हे दिवाळी अंकात छापून येणार, आणि अंक हातात पडला की वैशाली आधी ओळखीचं नाव शोधते, हे मला माहीत आहे. तेव्हा सुहासराव, तिचं हे वाचून होईपर्यंत दुकानात थांबा. आणि घरी गेल्यावर ती काय म्हणेल ते बसून ऐका, उठायचं नाही.